जुन्या घराचे नवे धनी

जुने घर विकत घेणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात त्या सागवानी तुळया, कोनाडे आणि चौकातला गारवा. परंतु अशा घराची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते : कागदांत आणि भिंतींत.

वडिलोपार्जित घराचा सौदा बहुधा भाऊ मिळून ठरवतात. बहिणींची आठवण शेवटी होते. हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. म्हणून मिळकत पत्रिकेवरील नावे वाचून थांबू नये. वारसांत लेकी किती, हे विचारावे आणि खरेदीखतावर त्यांच्याही सह्या घ्याव्यात. मागील 30 वर्षांच्या नोंदींचा शोध वकिलाकडून करवून घेण्याचा प्रघात आहे, तो मोडू नये. घरात भाडेकरू असेल तर केवळ मालक बदलल्याने त्याचा हक्क संपत नाही, हेही ध्यानी असावे.

आता भिंत. 1993 साली किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती जड धाब्यांसह कोसळल्या. भिंतीचा आतला व बाहेरचा थर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत बहुधा नव्हते. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, ही समजूत हजारोंच्या जिवावर बेतली. जुन्या घरावर नवा मजला चढवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे म्हणूनच अनिवार्य होय.

बाकीची पुष्कळ कामे घरच्यांच्या देखरेखीखाली होऊ शकतात. शक्य तर एक पावसाळा घर न्याहाळावे. पाणी कोठून झिरपते, हे पाऊसच दाखवतो. तुळईवर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे; आवाज पोकळ आला तर आत वाळवीने घर केलेले असू शकते. दुरुस्तीचा आरंभ छपरापासून करावा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते आणि काही काळाने पोपडे सुटू लागतात. रंग सर्वांत शेवटी.

घाईने झाकलेली ओल पुन्हा वर येते. डावललेला हक्कही तसाच. राजीखुशीने सही केलेली लेक मात्र पुढे कधी त्या दारावरून गेली, तर नव्या धन्याकडे घोटभर पाण्याला निःसंकोच थांबते.