केबल शाबूत, तरी पंचायतीचं नेट बंद? एकदा तालुक्याच्या कार्डाकडेही बघा

टिटवाळा : दाखला काढायला पंचायतीत जावं आणि "नेट नाही, उद्या या" ऐकून परत फिरावं, हे गावाकडे नवीन नाही. दोष बहुतेक वेळा खोदकामात तुटलेल्या केबलचा असतो. पण केबल शाबूत असतानाही नेट जातं.

सध्याच्या भारतनेटला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये मोठं यंत्र आणि पंचायतीत छोटा डबा, अशी मांडणी झाली. मोठ्या यंत्राला कपाटासारखे खण असतात. प्रत्येक खणात एक कार्ड, कार्डाला फायबर जोडायचे पोर्ट. एका पोर्टवरच अनेक पंचायती चालतात. म्हणजे एक कार्ड गेलं की त्यावरची सगळी गावं एकदम अंधारात.

मोठा राउटरही असाच खणांचा. त्यातलं कार्ड नुसती वायर जोडत नाही, वाटही दाखवतं. कल्याण जंक्शनला कसारा आणि कर्जत असे दोन फाटे फुटतात. टिटवाळ्याची गाडी कसाऱ्याच्याच रुळावर घालावी लागते. कार्डातली चिप डेटाच्या प्रत्येक पुडक्याचा पत्ता वाचून हेच काम सेकंदाला लाखो वेळा करते. कुठल्या पत्त्याला कुठली वाट, हा तक्ता मुख्य नियंत्रण कार्ड बनवून देतं.

या रचनेचा फायदा मोठा आहे. बिघडलेलं कार्ड सहसा यंत्र चालू ठेवूनच काढता येतं, नवं बसवायला फार वेळ लागत नाही. अट एकच, जादा कार्ड हाताशी हवं. ते मागवायचं असेल तर मिनिटांच्या कामाला दिवस जातात.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर केली. त्यात तालुका आणि पंचायत दोन्हीकडे राउटर, फायबरची रिंग आणि दहा वर्षांची देखभाल आहे. रिंग म्हणजे एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने वाट. पण दोन्ही वाटा एकाच कार्डावर टेकवल्या, तर रिंग असून नसल्यासारखी.

म्हणून ग्रामसभेत "नेट कधी येणार" एवढंच विचारून भागणार नाही. बिघाड केबलचा, डब्याचा की कार्डाचा? जादा कार्ड कुठे ठेवलंय? रिंगची दोन टोकं वेगळ्या कार्डांवर आहेत का? लाईट गेल्यावर बॅटरी किती तास चालते? ही उत्तरं लेखी घ्यावीत. पुढच्या पावसाळ्यात तीच कामी येतील.