कॉलेजला काय सांगायचं, हे ज्याचं दुखतं त्याने ठरवावं

मुलाला डिप्रेशन आहे हे कॉलेजला सांगावं की लपवावं? जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. बापाला वाटतं, सांगितलं तर सर सांभाळून घेतील. मुलीला वाटतं, उद्या वर्गभर होईल. आपल्या कार्यकर्त्यांमध्येही दोन तट पडतात. एक म्हणतो, आजार आहे, गुन्हा नाही, लपवायचं कशाला? दुसरा म्हणतो, आधीच 'कोट्यातली' म्हणून बघतात, वर 'वेडी' हा शिक्का कशाला?

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. सांगायचं की नाही हे विद्यार्थ्याने ठरवावं. सांगायचंच असेल तर आजाराचं नाव नव्हे, गरज सांगावी. आणि जातीच्या छळाची तक्रार आजाराच्या अर्जात कधीही मिसळू नये.

हे शेवटचं का, ते समजायला लांब जायला नको. डॉ. पायल तडवी आपल्या जळगावची. तडवी भिल्ल समाजातली मुलगी मिरजेला एमबीबीएस करते, मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला मेडिकल कॉलेजात पदव्युत्तर शिक्षणाला पोचते, आणि २२ मे २०१९ रोजी वयाच्या २६ व्या वर्षी आपल्यातून जाते. वरिष्ठ डॉक्टरांकडून होणाऱ्या त्रासाबद्दल आपण आधीच सांगितलं होतं, असं कुटुंबाचं म्हणणं आहे. आरोपी झालेल्या तिघींनी उलट सांगितलं की कामाच्या ताणाला रॅगिंग म्हटलं जातंय. म्हणजे छळाचा प्रश्न 'ताण सहन झाला नाही' इथे आणून ठेवायचा.

१२ फेब्रुवारी २०२३ ला आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी गेला. संस्थेच्या अंतर्गत समितीला जातीय भेदभावाचा थेट पुरावा दिसला नाही. दिसली ती घसरलेली शैक्षणिक कामगिरी. पोरगा कमजोर होता, संस्था निर्दोष! 'डिप्रेशन' हा शब्द अशा संस्थेच्या हाती आयता पडला, तर ती तो विद्यार्थ्याच्या उपचारासाठी वापरेल की स्वतःच्या बचावासाठी? हा संशय हवेतला नाही, तो आपल्या अनुभवातून आलेला आहे.

म्हणून दोन कागद, दोन दारं. वर्गात, होस्टेलवर जातीवरून टोमणे, नापास करण्याची धमकी, वेगळी वागणूक असेल, तर तारीख, ठिकाण, साक्षीदार लिहून स्वतंत्र तक्रार द्या. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी सांगितलेले आहेत. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या तक्रारीत 'मला झोप येत नाही, गोळ्या चालू आहेत' हे लिहायची गरज नाही.

दुसरा कागद सवलतीचा. हजेरी कमी पडली की परीक्षेचा फॉर्म अडतो, शिष्यवृत्ती अडते, आणि आपल्या पोरांचं शिक्षण तिथेच थांबतं. म्हणून गप्प बसणं हाही उपाय नाही. 'वैद्यकीय उपचार चालू आहेत, अमुक दिवस हजर राहता येणार नाही, प्रात्यक्षिक पुढच्या बॅचसोबत द्यावं,' एवढं पुरतं. प्रमाणपत्रावर आजाराचं नाव न घालता 'उपचाराखाली' असं लिहा, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. आजार दीर्घकाळचा आणि गंभीर असेल तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजारही येतो. त्याचा आधार घेऊन सोयी मागता येतात. तिथे मात्र आजार उघड करावा लागतो. तो निर्णय नफा-तोटा समजून घ्यावा, कुणाच्या दबावाखाली नाही.

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. पण त्यातलं बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. ऑफिसातला क्लार्क किंवा होस्टेलचा रेक्टर त्यात येत नाही. त्यामुळे कुणाला सांगतोय हे बघून सांगा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजात तो आहे का? नसेल तर आजार सांगायचा तरी कुणाला, हा प्रश्न आधी प्राचार्यांना विचारा.

यावर काही मित्र म्हणतील, सगळेच लपवत बसले तर कलंक कसा पुसणार? प्रश्न बरोबर आहे. पण कलंक पुसायचं ओझं आजारी असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर का? ते काम चळवळीचं आहे. दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण हजारोंनी जमतो. तिथे पुस्तकांच्या स्टॉलशेजारी मानसिक आरोग्याचं एक टेबल का असू नये? विहारात, अभ्यासिकेत यावर महिन्याला एक बैठक का होऊ नये?

एक अपवाद ठामपणे सांगतो. जीव धोक्यात असेल तर गुप्तता बाजूला ठेवा. मित्र 'मला जगायचं नाही' म्हणाला, निरोपाची भाषा बोलू लागला, तर त्याची शपथ पाळत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. त्या वेळी होस्टेलच्या वॉर्डनला सांगावं लागलं तरी सांगा. पुढचं आपण मिळून निस्तरू.

राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं, ते इतरांच्या लेकरांसाठी. आपण निदान आपल्या तालुक्यातल्या कॉलेजच्या ऑफिसपर्यंत त्या पोरासोबत जाऊ. अर्ज त्याने लिहावा, काय सांगायचं ते त्याने ठरवावं. खिडकीसमोर मात्र तो एकटा उभा नसावा.

जय भीम!