घराण्याची तिथि आणि सरकारी साल

आपल्या घराण्यांतून मृत्यूची तिथि सहसा विसरली जात नाहीं. पणजोबांचें श्राद्ध कार्तिक वद्य पंचमीस आणि आजीचें माघ शुद्ध दशमीस, हें घरांतील दहा वर्षांच्या मुलासही ठाऊक असतें. परंतु पणजोबा कोणत्या सालीं वारले, असा प्रश्न तलाठ्यानें, बँकेनें अथवा न्यायालयानें केला, म्हणजे सारें घर एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतें. तिथि दरवर्षीं फिरून येते म्हणून ती टिकते. साल एकदांच येतें आणि निघून जातें. या निसटलेल्या सालाविषयीं आणि तें जेथें लिहून ठेवलेलें असतें त्या दफ्तरांविषयीं, विशेषतः सोलापुराकडील कुटुंबांस उपयोगी पडेल असें, थोडें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साल कळलें नाहीं तर एवढें बिघडतें काय, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर वारसाहक्काच्या कायद्यांत आहे. एकत्र कुटुंबांतील पुरुष एप्रिल १९३७ च्या पूर्वीं वारला असेल, तर त्याच्या विधवेस सामान्यतः अन्नवस्त्रापलीकडे कांहीं मिळत नसे. त्या वर्षींच्या कायद्यानें तिला पतीच्या हिश्श्यावर हयातीपुरता हक्क आला. १७ जून १९५६ पासून हिंदु वारसा अधिनियम अमलांत आला आणि मुलगी पहिल्या वर्गाच्या वारसांत बसली. वडील १९५६ पूर्वीं वारले असून मागें विधवा व मुलगी राहिली असेल, तर त्या मुलीस वडिलांच्या मिळकतींत वारसाहक्क सांगतां येत नाहीं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०२४ सालीं दिला आहे. तेव्हां एखाद्या आत्याबाईंचा हक्क आहे कीं नाहीं, हें पुष्कळदां मृत्यूच्या रजिस्टरांतील एका ओळीवर ठरतें. ती ओळ शोधणें हें केवळ वंशावळीच्या हौसेचें काम नव्हे. तो घरांतील लेकीबाळींशीं न्यायानें वागण्याचा प्रश्न आहे.

आतां प्रथम आजच्या मृत्यूंविषयीं. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी अधिनियमाप्रमाणें घरीं झालेल्या मृत्यूची खबर कुटुंबप्रमुखानें द्यावयाची, आणि रुग्णालयांतील मृत्यूची रुग्णालयाच्या प्रमुखानें. मुदत एकवीस दिवसांची. म्हणजे तेरावा होऊन घर थोडें स्थिर झालें, तरी आठवडाभर अवधि उरतो. त्या आठवड्यांत हें काम घरांतील एका कर्त्या माणसाकडे नांवानिशीं सोंपवावें. मुदतींत खबर देणारास पहिला दाखला विनामूल्य मिळतो. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतें. पुढें एक वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें हा आदेश देण्याचें काम जिल्हाधिकारी, प्रांत अथवा त्यांनीं अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आलें आहे. अशा अर्जासोबत आधीं 'नोंद आढळत नाहीं' असा दाखला जोडावा लागतो. एकवीस दिवसांत जें काम एका फेरींत झालें असतें, त्यासाठीं पुढें अनेक उंबरठे झिजवावे लागतात, तें यामुळेंच.

नांव लिहून देतांना तें बँकेच्या पुस्तकांत व सातबाऱ्यावर जसें आहे तसेंच द्यावें. नोंदींतील चूक पुढें दुरुस्त करून घेतां येते, पण त्यास पुरावा लागतो. मृत्यूच्या दाखल्यानें मृत्यु तेवढा सिद्ध होतो, वारस कोण हें सिद्ध होत नाहीं, हेंही ध्यानांत असावें. जमिनीसाठीं तलाठ्याकडे वारसनोंद तीन महिन्यांच्या आंत निराळी सांगावी लागते. ठेवी व रोखे यांस नामनिर्देशन नसल्यास न्यायालयाचें प्रमाणपत्र लागूं शकतें.

शोध करणारांची सर्वांत मोठी फसगत होते ती स्थळाविषयीं. मृत्यूची नोंद मनुष्य जेथला राहणारा तेथें होत नाहीं. तो जेथें वारला तेथें होते. सोलापूरच्या इतिहासांत याचें मन हेलावणारें उदाहरण आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चारही हुतात्मे सोलापूरचे. त्यांचे पुतळे सोलापुरांत, त्यांची आठवण सोलापुरांत. परंतु १२ जानेवारी १९३१ रोजीं त्यांस फांशी दिलें तें पुण्यास येरवड्याच्या तुरुंगांत. नियम लावावयाचा तर त्यांच्या मृत्यूची नोंद पुण्याकडे शोधावी लागेल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० सालीं सोलापुरांत जन्मले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं चीनमध्यें निवर्तले; जन्माचा कागद एका देशांत आणि मृत्यूचा दुसऱ्या! सामान्य कुटुंबांतही असेंच घडतें. आषाढीस गेलेले आजोबा पटकीनें पंढरपुरांत वारले असतील, तर सोलापुरांतील रजिस्टरें वर्षानुवर्षें चाळून कांहीं हातीं लागणार नाहीं. बाळंतपणास माहेरीं गेलेली सून तेथेंच गेली असेल, तर तिची नोंद माहेरच्या गांवीं असावयाची. म्हणून दफ्तर उघडण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील बाईमाणसास एकच प्रश्न विचारावा: देह ठेवला कोठें?

स्थळ ठरल्यावर त्या काळीं तेथें राज्य कोणाचें होतें तें पाहावें. सोलापूर शहराची नगरपालिका १८५२ सालची. तिची महानगरपालिका १९६४ सालीं झाली. शहरांतील मृत्यूंसाठीं तेथील जन्ममृत्यु विभागांत अर्ज करावा. आजच्या जिल्ह्यांतील अक्कलकोट मात्र १९४८ पर्यंत निराळें संस्थान होतें, मंगळवेढें सांगली संस्थानांत मोडत असे, आणि पूर्वेकडे थोडें गेलें कीं निजामाची हद्द लागे. या गांवांचे जुने कागद इंग्रजी मुलखांतील कागदांसारखेच असतील अशी अपेक्षा धरूं नये. खेड्यांतील नोंदी गांव नमुना १४ मध्यें, म्हणजे ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात त्यांत, केलेल्या असतात. जुनीं बुकें बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षांत सांपडतात व अर्ज करून त्यांची नक्कल मिळते. शिवाय १८८६ च्या कायद्याखालील नोंदणी ऐच्छिक होती. म्हणून नोंद मिळाली नाहीं तर मनुष्य त्या सालीं वारलाच नाहीं, असें अनुमान काढूं नये.

या बुकांतील लिपि पुष्कळ ठिकाणीं मोडी आहे. २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां मोडी वाचणारांची केवढी उणीव आहे हें साऱ्या महाराष्ट्राच्या प्रत्ययास आलें. घरांतील एका तरी मुलामुलीनें सुटींत मोडी शिकावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पुरुषाच्या नांवापुढें 'बिन' आलें म्हणजे पुढील नांव बापाचें, आणि बाईच्या नांवापुढें 'कोम' आलें म्हणजे पुढील नांव नवऱ्याचें, एवढें कळलें तरी निम्मी ओळ उलगडते.

घरची तिथि या शोधांत मोलाची आहे, परंतु ती जपून वापरली पाहिजे. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीस ७९ मिळवावे. शके १८४० चा आश्विन म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर, अर्थात् इन्फ्लुएन्झाच्या सांथीचा ऐन कहर. 'तापाच्या सालीं गेले' अशा आठवणीस अशी तिथि जुळली, तर शोध एका महिन्यावर येऊन ठेपतो. मात्र पितृपक्षांतील महालयाच्या तिथीवर विसंबूं नये. ती फार तर तिथि सांगते, मास व पक्ष सांगत नाहीं. त्यांतही सवाष्ण गेलेलीचें श्राद्ध अविधवा नवमीस, शस्त्रानें अथवा अपघातानें गेलेल्यांचें चतुर्दशीस, आणि तिथि ठाऊक नसलेल्यांचें सर्वपित्री अमावास्येस होतें. हे दिवस मृत्यूचे नव्हेतच. साल हवें असेल तर सांवत्सरिक श्राद्धाची तिथि धरावी, आणि त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आपल्या कुळाचें पान शोधावें. अस्थि घेऊन कोण व केव्हां आला, हें तेथें कित्येकदां लिहिलेलें असतें.

स्त्रियांच्या नोंदी शोधणें सर्वांत कठीण. विवाहांत नांव बदललें. सासरीं तें कोणी घेतलें नाहीं. मुलांनीं 'काकू' किंवा 'वहिनी' एवढेंच ऐकलें. वंशवृक्षांत पुरुषांच्या सात पिढ्या ओळीनें दिसतात आणि त्यांच्या माता कोठेंच नसतात. ज्यांच्या नांवानें आपण मातामही-प्रपितामही म्हणून तिलोदक देतों, त्यांचें खरें नांव घरांत कोणास सांगतां येऊं नये, ही गोष्ट आम्हांस शोभणारी नाहीं.

यास उपाय फार सोपा आहे. देवघरांतील पंचांगाजवळ एक जाड वही ठेवावी. प्रत्येक गत माणसास तींत अर्धें पान द्यावें: नांव, स्त्री असल्यास माहेरचें नांव व आडनांव, मृत्यूचें गांव, तिथि, शक आणि इंग्रजी तारीख, दाखल्याचा क्रमांक, व ही माहिती कोणी सांगितली त्याचें नांव. येत्या पितृपक्षांत, पानें वाढण्यापूर्वीं, घरांतील वडिलांजवळ बसून ही वही भरावयास आरंभ करावा. सांगणारें माणूस आज घरांत आहे. पुढील वर्षीं असेलच असें नाहीं.