सांत्वन कोणी करावे?

आपल्या धर्मग्रामात मृत्यू झाला की ते घर एकाकी राहत नाही. चर्चची घंटा वाजते, शेजारी धावून येतात, चुलीचा भार नातलग उचलतात, सायंकाळी अंगणात जपमाळ होते आणि महिन्याच्या मिस्सेला मंदिर भरून जाते. ही आपल्या समाजाची श्रीमंती आहे. माझी तक्रार महिन्याच्या मिस्सेनंतर सुरू होते. गेलेले जेव्हा लेकरू असते, तेव्हा त्याच्या आईबापांना आपण जे ऐकवतो आणि त्यांचे जे ऐकून घेण्याचे टाळतो, त्याविषयी हे लिहीत आहे.

‘देवाला चांगली माणसे लवकर आवडतात.’ ‘ही तुमच्या श्रद्धेची कसोटी आहे.’ ‘दुसरे आहे ना, त्याच्याकडे पाहा.’ ही वाक्ये सद्भावनेने उच्चारली जातात, हे मान्य. पण त्यांचा अर्थ कधी पारखला आहे काय? पहिल्या वाक्यात परमेश्वर हिरावून घेणारा ठरतो, दुसऱ्यात आईचे अश्रू हा अविश्वास ठरतो आणि तिसऱ्यात एक मूल दुसऱ्याची भरपाई होते. पुढे तर तेवढेही बोलणे थांबते. त्या मुलाचे नावच घरीदारी वर्ज्य होते. त्याचा वाढदिवस येतो आणि जातो. आईला तो आठवतो, बापालाही आठवतो, आणि दोघेही एकमेकांपासून तो लपवतात. बापाने तर रडायचेच नाही, असा आपला अलिखित नियम!

पवित्र शास्त्र याबाबतीत आपल्याहून अधिक प्रामाणिक आहे. ईयोबाची मुले गेल्यावर त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर निःशब्द बसून राहिले. त्यांचे बिनसले ते त्यांनी तोंड उघडून दुःखाची कारणमीमांसा आरंभली तेव्हा. आणि ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वराचा कोप झाला तो त्या मित्रांवर. सांत्वन नाकारणाऱ्या राहेलीचे रुदन मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात नोंदवले आहे. तिला त्याने दोष दिलेला नाही.

मग या आईबापांजवळ कोणी बसावे? याचे एक उत्तर इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात सापडले. १९६८ साली तेथील इस्पितळात दोन मुलगे दगावले. एक कर्करोगाने, दुसरा रस्त्यावरील अपघाताने. इस्पितळातील तरुण अँग्लिकन धर्मसेवक सायमन स्टीफन्स यांच्या लक्षात आले, की त्या दोन कुटुंबांतील आईबाप एकमेकांना जो आधार देत आहेत, तो आपल्या उपदेशाने देता येत नाही. त्यातून १९६९ साली ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था उभी राहिली; १९७२ मध्ये ती अमेरिकेत पोहोचली आणि पुढे इतर देशांत पसरली. तिची रीत साधी आहे. मूल गमावलेले आईबाप ठरावीक दिवशी एकत्र बसतात. ज्याला बोलायचे तो बोलतो, ज्याला गप्प राहायचे तो राहतो. मुलाचे नाव मोकळेपणाने घेतले जाते. जे बोलले जाते ते त्या खोलीबाहेर नेले जात नाही. ज्यांच्या दुःखाला काही वर्षे लोटली आहेत, ते नव्याने आलेल्यांजवळ बसतात. हा माणूस अजून जेवतो, कामाला जातो, क्वचित हसतोही, एवढे दिसणे हेच नवख्याला मोठे आश्वासन असते.

यावर आक्षेप येतील. ‘आपल्याकडे प्रार्थना असताना ही परदेशी टूम कशाला?’ प्रार्थना हवीच. पण मिस्सेला पुढच्या बाकावर बसणे ज्यांना असह्य होते, त्यांना परत मंदिरात आणणारा हात कोणाचा असेल? ‘जखमेवरची खपली काढू नये.’ बोलल्याने ही जखम होत नाही. ती आहेच, आणि झाकून ठेवलेली आहे. ‘गावात चर्चा होईल.’ ही भीती खरी आहे, म्हणूनच शेजारच्या दोनतीन धर्मग्रामांनी मिळून असा गट करावा. गट हा डॉक्टरांना पर्याय नव्हे. जीव नकोसा झालेल्या आईला किंवा बापाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलेच पाहिजे.

या गटात स्नानसंस्काराआधीच गेलेल्या बाळांच्या आईबापांनाही जागा असावी. अशा बाळाचा ख्रिस्ती अंत्यविधी धर्मप्रांताधिकाऱ्यांच्या परवानगीने करता येतो, अशी तरतूद १९८३ च्या धर्मविधिसंहितेत आहे. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ त्याला देवाच्या करुणेवर सोपवतो. तरीही या मातांचे दुःख आपण ‘झाले ते झाले’ म्हणून मोजतच नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी सात वाजता देशोदेशीचे असे आईबाप आपापल्या मुलांसाठी मेणबत्ती लावतात. ही प्रथा १९९७ पासून चालत आली आहे. तो रविवार आगमनकाळात येतो. यंदा आपल्याकडे तेथून आरंभ व्हावा. त्यासाठी समिती नको, पाहुणे नकोत, भाषण तर नकोच. धर्मगुरूंनी सभागृहातील एका खोलीची किल्ली या आईबापांच्या हाती द्यावी, आणि बाकीच्या आपण सर्वांनी तो एक तास दाराबाहेर राहावे.