काचेआडची शांतता

मोटार वेगात असताना आत ऐकू येणारा आवाज मुख्यतः इंजिनाचा असतो, हा समज आता जुना झाला. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे टायर आणि रस्ता यांच्या संपर्कातून उठणारा ध्वनी इंजिनावर मात करतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर तो अधिकच जाणवतो. त्यापासून सुटका करून देण्याचा एक व्यवसायच शहरांतून उभा राहिला आहे. दरवाजांच्या पत्र्याला आतून ब्यूटिल रबराचे थर चिकटवावेत, बीडिंग बदलावी, चाकांवरच्या पोकळीत फोम बसवावा; महागड्या गाडीत दुपदरी काच कारखान्यातूनच बसून येते. हे उपाय निरुपयोगी नाहीत. फटींतून येणारा आवाज त्यांनी कमी होतो. मात्र सस्पेन्शनमार्गे सांगाड्यात शिरणारी खोल घरघर सहजासहजी दबत नाही, आणि वाढलेले वजन इंधनाच्या रूपाने पैसे मागत राहते.

ज्याला परवडते त्याने ही शांतता खुशाल विकत घ्यावी. परंतु या खरेदीने आतला आवाज घटतो, बाहेरचा तसूभरही घटत नाही. तो फळांच्या गाडीवाल्याच्या, चौकातल्या पोलिसाच्या आणि महामार्गालगतच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर झोपू पाहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला पूर्वीइतकाच येतो. पिगू यांनी १९२० मध्ये ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात खासगी आणि सामाजिक हिशेबांतील जी तफावत मांडली, तिचे याहून चोख उदाहरण क्वचितच सापडेल. आवाज करणाराच आता तो ऐकेनासा झाला आहे. स्वतःचा भोंगाही त्याला दुरून आल्यासारखा वाटतो!

याहून गंभीर परिणाम राजकीय आहे. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की सेवा बिघडली म्हणजे ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा तक्रार करणे. दर्जाविषयी सर्वाधिक जागरूक असलेले ग्राहकच आधी निघून गेले, तर तक्रारीतील बळ सरते. नायजेरियातील रेल्वेचे दुखणे त्यांनी असेच उलगडले. मालवाहतूक ट्रककडे वळली आणि रेल्वे सुधारण्याचा तगादा लावणारे उरले नाहीत. आपल्याकडे नळाच्या पाण्याचे घरगुती शुद्धीकरण यंत्राने आणि खंडित विजेचे इन्व्हर्टरने नेमके हेच केले. ज्यांचा शब्द मंत्रालयात व महापालिकेत ऐकला जातो, तो वर्ग बंद काचेआड गेला की रस्त्याच्या आवाजाविरुद्ध बोलणार कोण?

नियम नाहीत असे नव्हे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. टायरच्या आवाजाविषयीची अधिसूचनाही केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढली. रस्त्याच्या पृष्ठभागाकडे मात्र या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही. डेसिबलचे माप लघुगणकीय असल्याने तीन डेसिबलची घट म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी होणे. म्हणजेच पृष्ठभाग तीन डेसिबलने शांत करणे हे त्या रस्त्यावरची निम्मी वाहने हटवण्यासारखे आहे, आणि निम्मी वाहने हटवण्याची छाती कोणत्या सरकारला आहे?

काँक्रीटचे रस्ते टिकाऊ खरे. परंतु पाणी निचरावे व चाक घसरू नये म्हणून त्यांवर आडव्या खाचा पाडल्या की त्यांतून एक तीक्ष्ण सूर निघतो. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या परिसरातील काँक्रीट महामार्गांवर ॲरिझोना राज्याने २००३ नंतर रबरमिश्रित डांबराचा थर चढवला तो या आवाजाच्या तक्रारींमुळेच. नेदरलँड्समध्ये महामार्गांवर सच्छिद्र डांबर सर्रास वापरतात. अर्थात, ती छिद्रे धूळ आणि चिखलाने बुजतात, तेव्हा आपल्या रस्त्यांवर तो प्रकार जसाच्या तसा उचलून आणणे शहाणपणाचे नव्हे.

त्यामानाने खाचा आडव्याऐवजी लांबीच्या दिशेने पाडणे सोपे आहे. त्याने आवाज घटतो आणि पकडही राहते. मुंबईत रस्त्यांचे काँक्रिटीकरण झपाट्याने झाले आहे. तेथे आणि अन्यत्रही यापुढच्या निविदांत जाडी व मजबुतीच्या जोडीला आवाजाची मर्यादा घालावी, निदान रुग्णालये व शाळांजवळच्या टप्प्यांत तरी. खाचांची दिशा काँक्रीट ओले असतानाच ठरते. ते एकदा कठीण झाले की पृष्ठभाग यंत्राने घासून काढावा लागतो, आणि तो खर्च करदात्याच्या माथी पुन्हा बसतो.