'जाने भी दो यारों'चा रिमेक करा, पण शेवटाला हात लावू नका

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये सतीश शाह गेले आणि 'जाने भी दो यारों'मधला महाभारताचा सीन पुन्हा एकदा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. असा सीन फिरला की खाली दोन कमेंट ठरलेल्या. एक म्हणतो, "याचा रिमेक यायलाच पाहिजे राव, आजच्या काळाला फिट्ट बसेल." दुसरा म्हणतो, "क्लासिकला हात लावू नका." मला विचाराल तर दोघंही अर्धे बरोबर आहेत.

आधी एक गोष्ट. रिमेक म्हणजे काही पाप नाही. २००० सालचा प्रियदर्शनचा 'हेरा फेरी' हा 'रामजी राव स्पीकिंग' या १९८९च्या मल्याळम सिनेमाचा रिमेक आहे. तिकडचा मन्नार मथाई नाटक कंपनी चालवतो, इकडचा बाबूराव गणपतराव आपटे स्टार गॅरेज चालवतो. बाबूराव आपल्याला आपल्याच आळीतला वाटतो, तो मूळचा केरळचा हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. गोष्ट उचलली, पण नव्या मातीत नीट लावली. म्हणून ती जगली.

आता 'जाने भी दो यारों'. १९८३ साल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या कुंदन शाह यांचा पहिला मोठा सिनेमा. बजेट सात लाखांच्या आत. पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी कंपनीचा. त्या सरकारी पैशातून सिनेमा निघाला तो कशावर? लाच खाणारा महापालिका आयुक्त, एकमेकांच्या उरावर बसलेले दोन बिल्डर, मॅनेज झालेले पोलीस आणि पडणारा पूल. आज असा प्रस्ताव घेऊन कुणी गेला तर त्याला चहा तरी मिळेल का, याचा विचार रिमेकची मागणी करणाऱ्यांनी करावा.

दुसरी अडचण कथेतलीच आहे. विनोद आणि सुधीर हे दोन गरीब फोटोग्राफर. बागेत काढलेला फोटो ते मोठा करत जातात आणि त्यात त्यांना खून दिसतो. सगळा सिनेमा त्या एका पुराव्यावर उभा आहे. तेव्हा पुरावा मिळवणं हेच अवघड होतं. आज? आज पूल पडायच्या आधी त्याच्या भेगांचा व्हिडिओ गावभर फिरलेला असतो. आणि खुनाचा फोटो दाखवला तर तरनेजा शांतपणे म्हणेल, "हे एआयनं बनवलंय." त्याचे दोनशे कार्यकर्ते तेच शेअर करतील. पुरावा खंडीभर आहे आणि त्याला किंमत शून्य आहे. रिमेक करणाऱ्याला खरा विनोद सापडला तर तो इथं सापडेल. द्रौपदीच्या साडीत गुंडाळलेलं प्रेत पुन्हा स्टेजवर आणून काही होणार नाही. तो सीन एकदाच जमतो.

आता शेवटाबद्दल. पूल कोसळतो. बिल्डर, नवा आयुक्त, पोलीस आणि संपादक बाई यांची सेटलमेंट होते आणि पूल पाडल्याचा ठपका येतो त्या दोन फोटोग्राफरांवर. कैद्याच्या कपड्यात ते रस्त्यावर येतात आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. अडीच तास हसवून असा शेवट करायला हिंमत लागते.

हा शेवट अतिशयोक्तीचा वाटतो का? ३० ऑक्टोबर २०२२ला गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल पडला. १३५ माणसं गेली. पहिल्या झटक्यात अटक झालेल्या नऊ जणांत तिकीट फाडणारे क्लार्क आणि सिक्युरिटी गार्ड होते. पुलाचं काम ज्या कंपनीकडे होतं तिचे प्रमुख शरण आले ते जानेवारी २०२३ संपताना. आपल्याकडे महाडला सावित्रीवरचा पूल २०१६च्या ऑगस्टमध्ये वाहून गेला, दोन एसटी गाड्या पोटात घेऊन. इंद्रायणीवर कुंडमळ्याचा पूल २०२५च्या जूनमध्ये पडला. प्रत्येक वेळी पहिले दोन दिवस 'दोषींवर कडक कारवाई' आणि मग शांतता. विनोद-सुधीर दर वेळी नवे सापडतात.

आणि आता आमच्या धंद्याचं. या सिनेमातलं सगळ्यात बोचणारं पात्र बिल्डर नाही. ते आहे 'खबरदार'ची संपादक शोभा. भक्ती बर्वेंनी केलेली. 'ती फुलराणी'तली मंजुळा ज्यांनी पाहिलीये त्यांना ही थंड डोक्याची बाई बघून चांगलाच धक्का बसतो. भ्रष्टाचार उघड करायचा म्हणून ती या दोघांना कामाला लावते आणि हाती लागलेल्या फोटोंवर सौदा करते.

शोभा आजही आहे, फक्त तिला आता ब्लॅकमेल करायची गरज उरलेली नाही. माझ्याच एका बातमीचं सांगतो. तालुक्यातल्या एका नव्या मोरीच्या स्लॅबला पहिल्याच पावसात भेगा गेल्या. फोटोसकट बातमी दिली. ती दोन दिवस अडकली, कारण त्याच आठवड्यात ठेकेदाराच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात होती. तिसऱ्या दिवशी आली ती चार ओळींत, ठेकेदाराचं नाव गाळून. पेपरचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तालुक्याच्या कुठल्याही बातमीदाराला विचारा. ज्याच्याविरुद्ध सकाळी बातमी द्यायची, त्याच्याकडेच संध्याकाळी पुरवणीच्या जाहिरातीचं टार्गेट घेऊन जायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. रिमेक जरूर करा. मुंबई सोडून एखाद्या नगरपालिकेच्या गावात आणा. फोटो स्टुडिओच्या जागी यूट्यूब चॅनल चालवणारी दोन पोरं घ्या. आयुक्ताच्या केबिनऐवजी ई-टेंडरचा घोळ दाखवा. काहीही बदला. पण शेवटी हिरोनं स्टेजवर भाषण ठोकलं, पब्लिकनं टाळ्या वाजवल्या आणि बिल्डर बेड्यांत गेला, असलं काही दाखवू नका. प्रेक्षकाला खूश करून घरी पाठवणारा 'जाने भी दो यारों' हा त्या सिनेमाचा दुसरा खून ठरेल.

कुंदन शाह २०१७ला गेले. ओम पुरी, रवी बासवानी, सतीश कौशिकही नाहीत. सिनेमा मात्र अजून म्हातारा झालेला नाही, कारण आपण त्याला म्हातारं होऊच देत नाही. दर पावसाळ्यात एखादा पूल पाडून आपणच त्याचा रिमेक काढतो.

पटलं नाही तर खुशाल भांडा. आणि तुमच्या गावातल्या विनोद-सुधीरचं काय झालं, तेही कमेंटमध्ये लिहा. इथं जाहिरातीचं पान नाही, बातमी अडकणार नाही.