संगणकातले पाणी आणि खरे पाणी
विशेष प्रतिनिधी

रायगड जिल्ह्यातील थळ येथे अणुभट्ट्यांसाठी लागणारे जड पाणी तयार होते. दिसायला ते साध्या पाण्यासारखेच. मात्र ते शून्य अंशाला नव्हे, तर ३.८ अंश सेल्सिअसला गोठते आणि त्याची घनता चार अंशांऐवजी ११.२ अंशांना सर्वाधिक असते. फरक एवढाच की, त्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन अधिक असतो. शाळेच्या पुस्तकात शोभावी अशी ही माहिती. पण महासंगणकांवर रेणूंचे वर्तन तपासण्यासाठी जी पद्धत जगभर सर्रास वापरली जाते, तिला हा साधा फरक दाखवताच येत नाही.

ही बाब केवळ प्राध्यापकांच्या चर्चेपुरती राहिलेली नाही. नवी औषधे, बॅटऱ्यांतील रसायने, अतिवाहक पदार्थ यांचा शोध आता प्रयोगशाळेच्या आधी संगणकावर सुरू होतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानासाठी ४,५०० कोटी रुपयांची, तर एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी सहा हजार कोटींची योजना मंजूर केली. चर्चा होते ती यंत्रांच्या वेगाची. त्या यंत्रांना गणित कोणते घातले जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील अरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप अरगॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मांडून दाखवली. (प्रयोगशाळा आणि वायू यांच्या नावांतील साम्य निव्वळ योगायोगाचे.) त्यात प्रत्येक अणू म्हणजे न्यूटनचे नियम पाळणारा चेंडू होता. पुढे इलेक्ट्रॉनांना पुंजयांत्रिकीचे नियम लागू झाले. अणुकेंद्रे मात्र बहुतेक ठिकाणी चेंडूच राहिली.

शिसे किंवा लोखंड यांसारख्या जड अणूंबाबत हे चालून जाते. हायड्रोजनची गोष्ट निराळी. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाच्या ताण-कंपनाला लागणारा ऊर्जेचा एक पुंज खोलीच्या तापमानातील औष्णिक ऊर्जेच्या सुमारे सतरा पट असतो. त्यामुळे हे केंद्रक एका बिंदूवर बसलेले नसते, थोड्या जागेत पसरलेले असते आणि कितीही थंड केले तरी पूर्ण स्थिर होत नाही. न्यूटनच्या हिशेबात गोठणबिंदू अणूच्या वस्तुमानावर अवलंबून नसतो. म्हणूनच त्या हिशेबात जड आणि साधे पाणी एकाच तापमानाला गोठते.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या विचाराच्या आधारे डेव्हिड चँडलर आणि पीटर वॉलिन्स यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, एका क्वांटम कणाऐवजी त्याच्या अनेक प्रतिकृती स्प्रिंगांनी जोडून माळेसारख्या ओवल्या, तर समतोल अवस्थेचे उत्तर योग्य मिळते. माळ जितकी फुगते, तितका कण पसरलेला. खोलीच्या तापमानातील पाण्यासाठी साधारण बत्तीस मणी लागतात. म्हणजे संगणकाचे कामही जवळपास बत्तीसपट! तापमान उतरवले की मणी आणखी वाढतात. पद्धत अनेक वर्षे मागे का पडली, याचे हे सरळ कारण.

दुसरे कारण जरा अडचणीचे आहे. केंद्रकांना चेंडू मानूनही पाण्याची उत्तरे बऱ्याचदा बरोबर येत असत. ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅनोलोपोलस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा उलगडा केला. पुंजपरिणामामुळे बंधाच्या दिशेने होणारा ताण रेणूंमधील हायड्रोजन बंध बळकट करतो, तर आडव्या दिशेची हालचाल तो सैल करते. हे दोन परिणाम एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. शिवाय पाण्याची अनेक प्रतिरूपे प्रयोगातील आकड्यांना जुळवूनच बेतलेली असल्याने हा परिणाम त्यांत मागच्या दाराने आधीच शिरलेला असतो. उत्तर जुळले म्हणजे कारणही जुळले, असे मानणे येथे धोक्याचे ठरते.

जेथे अशी खोडाखोड होत नाही, तेथे चूक उघडी पडते. लँथनमच्या एका अणूसोबत दहा हायड्रोजन असलेले संयुग सुमारे सतरा लाख वातावरणे इतक्या दाबाखाली, उणे २३ अंशांच्या आसपास अतिवाहक होते, असे जर्मनीतील माइन्झच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. केंद्रकांना चेंडू मानणारे गणित सांगत होते की, या दाबाला त्याची सममित रचना टिकणारच नाही, ती विस्कटेल. इओन एरेआ आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये केंद्रकांचा पुंजस्वभाव हिशेबात धरला, तेव्हा तीच रचना स्थिर ठरली. अतिवाहकतेचे काही गाजलेले दावे २०२२ आणि २०२३ मध्ये मागे घ्यावे लागल्याने हे क्षेत्र आधीच संशयाच्या छायेत आहे. अशा वेळी गणितही डळमळीत असेल, तर खरा दावा कोणता आणि फोल कोणता, हे ठरवायचे कशावर?

खर्चाचे गणित आता बदलले आहे. यॉर्ग बेहलर आणि मिकेले पारिनेल्लो यांनी २००७ मध्ये न्यूरल नेटवर्ककडून अणूंमधील बले शिकवून घेण्याची पद्धत मांडली. हे पारिनेल्लो रहमान यांचे जुने सहकारी; दोघांनी १९८४ मध्ये वितळलेल्या क्षारातील एका इलेक्ट्रॉनसाठी ही माळेची युक्ती वापरली होती. शिकवलेली बले स्वस्तात मिळू लागल्यावर बत्तीस मण्यांचा बोजा पूर्वीइतका वाटत नाही. अर्थात, ज्या आकड्यांवर यंत्र शिकले त्यांतील दोष ते तसेच पुढे नेते, आणि काळानुसार होणाऱ्या हालचालींबाबत माळेची पद्धत आजही अंदाजीच आहे.

औषध कंपन्यांचे लक्ष याकडे असणे स्वाभाविक आहे. हंटिंग्टन विकारातील अनियंत्रित हालचालींवरील ड्युटेट्राबेनाझिन या औषधाला अमेरिकेने २०१७ मध्ये मान्यता दिली. जुन्या औषधातील काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन बसवला, एवढाच त्यात बदल. जड केंद्रकाचा बंध सावकाश तुटतो, म्हणून औषध शरीरात अधिक काळ टिकते. तो किती सावकाश तुटेल, हे गोळ्या तयार करण्यापूर्वी संगणकाला विचारायचे असेल, तर केंद्रकाला चेंडू मानून भागत नाही.